दाखला दिला, मूल कुठे गेलं?

महाराष्ट्र दिनाला निकाल लागतो. पालघर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांतून आठवी पास झालेली मुलं प्रगतिपुस्तक घेऊन घरी जातात आणि थोड्या दिवसांत त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला निघतो. पुढचा वर्ग त्या शाळेत नसतो. तो एखाद्या संस्थेच्या अनुदानित हायस्कुलात असतो, आश्रमशाळेत असतो, नाहीतर फी घेणाऱ्या शाळेत. जूनच्या मध्याला शाळा उघडतात. मधल्या दीड महिन्यात कुणी अर्ज कुठे भरला, कुणाला परत पाठवलं, कोण घरीच राहिलं, हे पाहणं कुणाचंही ठरलेलं काम नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे : ज्या शाळेने मूल आठवीपर्यंत शिकवलं, त्या शाळेने ते नववीच्या हजेरीपटावर लागेपर्यंत त्याचा हात सोडू नये, आणि त्याची तयारी आठवीच्या दिवाळीनंतरच सुरू व्हावी. यावरचे आक्षेप मी शिक्षकांकडून, संस्थांच्या लोकांकडून, कारखान्यांतल्या सुपरवायझरांकडून ऐकले आहेत. ते वाईट हेतूने घेतलेले नसतात, म्हणून त्यांना नीट उत्तर दिलं पाहिजे.

पहिला आक्षेप नेहमीचा : प्रवेश घेणं हे पालकांचं काम आहे. बोईसरच्या अवधनगरातल्या किंवा धोडीपूजेतल्या चाळीत राहणारा बाप तारापूर एमआयडीसीत ठेकेदाराकडे बारा तासांच्या पाळीत असतो. एका खाड्याला त्या दिवसाची हजेरी बुडते. रेल्वेच्या पूर्वेला, नागझरी-बेटेगावच्या पुढच्या पाड्यांवरची वारली आणि कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. तोवर हायस्कुलांचे अर्ज कधीच गोळा झालेले असतात. सातपाटी, मुरब्याच्या कोळीवाड्यांत मासेमारीची बंदी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत असते, तेव्हा बाप किनाऱ्यावर असतो हे खरं. पण समोरचा अर्ज वाचून भरायला लागणारी अक्षरओळख त्याच्या पिढीत सगळ्यांच्या वाट्याला आलेली नाही. अकरावीच्या प्रवेशासाठी सरकारने २०२५-२६ पासून राज्यभर एकच ऑनलाइन प्रक्रिया केली, वेळापत्रक दिलं, मदतीची सोय केली. सोळा वर्षांच्या मुलाच्या प्रवेशाला पालक अपुरे पडतात हे सरकारला पटतं, तर चौदा वर्षांच्या मुलाच्या प्रवेशाला ते पुरे पडतील असं कशावरून धरायचं?

यापेक्षा अवघड आक्षेप कागदांचा आहे. हायस्कुलाच्या कार्यालयातले लिपिक म्हणतात, दाखला नाही, आधारवरचं नाव जुळत नाही, जन्मतारीख वेगळी आहे, जातीचा दाखला नाही, मग नाव लावायचं कसं? उद्या तपासणीत आम्हीच अडकू. त्यांची भीती मला कळते. पण कायदा काय सांगतो ते पाहा. शिक्षण हक्क कायद्याच्या पाचव्या कलमात स्पष्ट लिहिलं आहे, की दाखला यायला उशीर झाला हे प्रवेश नाकारण्याचं किंवा लांबवण्याचं कारण होऊ शकत नाही. हा कायदा आठवीपर्यंतचाच, असं कुणी म्हणेल. पण २०२१ मध्ये, कोरोनाच्या काळात, राज्य सरकारने दाखल्यावाचून दहावीपर्यंतच्या वर्गांत प्रवेश अडवू नये असा निर्णय काढला होता. आणि आधार कार्ड नाही म्हणून शाळेचा प्रवेश नाकारता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात सांगून ठेवलं आहे. तरी जूनमध्ये खिडकीवर आलेल्या बाईला हे कोण सांगणार? ती ‘कागद घेऊन या’ एवढंच ऐकते आणि मुलीला घेऊन परत जाते. दुसऱ्या वेळी ती येईलच असं नाही.

शिवाय या कागदांची खरी वेळ जून नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नावाची किंवा जन्मतारखेची चूक मूल शाळेत असेपर्यंत सहज सुधारून घेता येते. दाखला निघाल्यावर तीच दुरुस्ती फार अवघड होते आणि ती चूक दहावीच्या प्रमाणपत्रापर्यंत पोचते. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्या घरातलं पहिलं शिकणारं माणूस हेच मूल आहे, त्या घरात आजोबांचा शाळेचा दाखला कुठून निघणार? मग जुन्या महसुली नोंदी, चुलत्यांपैकी कुणाचा जुना दाखला, असं शोधत जावं लागतं, आणि त्याला महिने लागतात. हे काम नोव्हेंबरात आठवीच्या वर्गात बसून, शाळेच्या एका बैठकीतून सुरू केलं तर होतं. जूनमध्ये सेतू केंद्राच्या रांगेत उभं राहून होत नाही. कागद हवेतच, पण ते मिळवून देण्याचं काम ज्या शाळेकडे मुलाची सगळी नोंद आहे तिचंच आहे. दुसऱ्या शाळेच्या लिपिकाला ते जमणार नाही, आणि पालकाला तर नाहीच.

काही माध्यमिक शिक्षक म्हणतात, ही मुलं कच्ची येतात. आठवीपर्यंत नापास करायचं नाही, आणि मग नववीत आम्ही काय करणार? नापास न करण्याची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने सैल झाली आहे आणि महाराष्ट्रात पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा आली आहे, फेरपरीक्षाही आली आहे. पण परीक्षेने कच्चेपणा कळतो, जात नाही. नववीत गणिताची दोन पुस्तकं होतात, बीजगणित आणि भूमिती वेगळी पडतात. जे मूल घरी वारली बोलतं, जे मूल हिंदी माध्यमातून आलं आहे, त्याला पुस्तकाची भाषाच आधी पेलावी लागते. म्हणून जानेवारीपासून आठवड्यातले दोन तास पुढच्या गणितासाठी आणि वाचनासाठी ठेवावेत, आणि मार्चमध्ये हायस्कुलाच्या शिक्षकांनी जवळच्या जिल्हा परिषद शाळेत येऊन मुलांना भेटावं. मूल कच्चं असणं हे त्याला आधी भेटण्याचं कारण आहे.

आणि आठवी ते नववी या एका उन्हाळ्यात मुलाच्या हातून काय काय जातं? दुपारचं जेवण आठवीपर्यंतच मिळतं. मोफत पाठ्यपुस्तकं आणि गणवेशही आठवीपर्यंतच. खासगी शाळेतल्या पंचवीस टक्के आरक्षित जागेवर पहिलीत आलेल्या मुलाची फी सरकार आठवीपर्यंतच देतं. २०१२-१३ मध्ये पहिलीत आलेली अशी मुलं २०२० मध्ये नववीच्या दाराशी आली, आणि आठ वर्षं ज्या बाकावर बसली त्याच बाकाची पूर्ण फी त्यांच्या घराने भरायची की शाळा बदलायची, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. त्यात अंतर वाढतं. पाड्यावरच्या शाळेत चालत जाणाऱ्या मुलीला हायस्कुलासाठी बोईसरला, मनोरला नाहीतर पालघरला यावं लागतं. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, ही मोठी सोय आहे. पण सकाळची गाडी शाळेच्या वेळेला आणि संध्याकाळची गाडी अंधार पडायच्या आत आहे का, हे आगाराशी मे महिन्यातच बोलून ठरवावं लागतं. एवढ्या गोष्टी एकदम सुटतात तेव्हा मूल मागे पडतं. त्याला अभ्यासात गोडी नव्हती, असं त्यानंतर म्हणणं अन्यायाचं आहे.

या सगळ्याच्या मुळाशी कायद्यातली वयाची रेषा आहे. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात निदान बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली होती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ती रेषा चौदावर आणली. १२७ वर्षांत दोन वर्षं! नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात नववी ते बारावी हा एकच टप्पा मानला आहे. पण कायद्याचा हक्क अजून चौदालाच संपतो.

‘कंपनीत तर जायचं आहे, एवढं शिकून काय?’ हे वाक्य बोईसरमध्ये जितकं ऐकू येतं तितकं दुसरीकडे क्वचितच येत असेल, आणि त्यामागे गरज आहे. एमआयडीसी समोर आहे, घरात पैसे हवेत, दहावी होऊनही मोठ्या भावाला ठेकेदाराकडचंच काम मिळालेलं आहे. तरी हे वाक्य चूक आहे, आणि ते कारखान्याच्याच नियमांनी चूक ठरतं. बालमजुरीच्या कायद्यातल्या २०१६ च्या दुरुस्तीनुसार चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोक्याच्या प्रक्रियांत कामाला ठेवता येत नाही, आणि तारापूरची ओळखच रसायनं, औषधं आणि रंग ही आहे. म्हणजे आठवीनंतर शाळा सुटलेल्या मुलाला कारखान्याचा समोरचा दरवाजा चार वर्षं बंदच असतो. तो आत जातो तो मागच्या दाराने, हजेरीपटावर नाव नसलेला हेल्पर म्हणून. काही झालं तर त्याची नोंद कुठेच सापडत नाही. जानेवारी २०२० मधला कोळवड्याच्या बाजूच्या कारखान्यातला स्फोट इथल्या लोकांना आठवत असेल. अशा ठिकाणी पिंपावरची सूचना वाचता येणं आणि न येणं यात जिवाचा फरक पडतो.

आणि पुढचा दरवाजा कशाने उघडतो? रासायनिक कारखान्यात ज्याला प्लांट ऑपरेटर म्हणतात त्या कामाचा आयटीआयचा अभ्यासक्रम दहावीनंतरचा आहे. फिटर, इलेक्ट्रिशियनलाही दहावी लागते. वेल्डरसारखे थोडे ट्रेड आठवीवर मिळतात, पण तेवढ्यांनी सगळ्यांची सोय होत नाही. तारापूरचं अणुऊर्जा केंद्र १९६९ पासून इथे वीज तयार करतं आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली. बुलेट ट्रेनचं स्थानक बोईसरला होणार आहे. बंदर हवं की नको यावर किनाऱ्यावर तीव्र मतभेद आहेत आणि ते इथे मिटणार नाहीत. पण दोन्ही बाजूंना ‘स्थानिकांना नोकऱ्या’ हे शब्द वापरावे लागतात. त्या नोकऱ्यांच्या जाहिरातीतली पहिली अट दहावी असेल. आज नववीच्या दारातून परत गेलेलं मूल ती जाहिरात वाचेल तेव्हा फार उशीर झालेला असेल.

शेवटचा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. तो शिक्षकांचा आहे. मतदार याद्या आम्ही करायच्या, सर्वेक्षणं आम्ही करायची, रोजची ऑनलाइन माहिती आम्ही भरायची, दोन शिक्षकांवर सगळे वर्ग. त्यात हे आणखी एक काम? त्यांची तक्रार खरी आहे. मात्र तिच्यावरून उलटा निष्कर्ष निघतो. शाळेबाहेरची कामं शिक्षकांवरून काढावीत आणि हे शाळेचं काम त्यांना करू द्यावं. शिवाय यातलं निम्मं काम आधीच झालेलं आहे. यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी माहिती प्रणालीवर प्रत्येक मुलाची नोंद आहे. शेवटचा वर्ग पूर्ण करून गेलेल्या मुलाचं नाव नव्या शाळेने उचलेपर्यंत ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये राहतं. जुलैच्या शेवटी त्या ड्रॉपबॉक्समध्ये जी नावं उरतात, त्यातलं प्रत्येक नाव कुठेच न पोचलेलं मूल असू शकतं. त्यातली काही गुजरातला किंवा गावी, बिहार-उत्तर प्रदेशात गेलेली असतील, काहींची नोंद उचलायची राहिली असेल. पण यादी तयार आहे, नावानिशी, शाळानिहाय. ती उघडून पाहायला एक केंद्रप्रमुख आणि एक दुपार लागते.

याच सरकारी आकड्यांत महाराष्ट्राची प्राथमिक गळती जवळपास नाहीशी झालेली दिसते आणि माध्यमिकची २०२१-२२ मध्ये दहा टक्क्यांच्या वर होती. मूल कुठे सांडतं ते सरकारच्याच कागदावर लिहिलेलं आहे.

मदतीच्या योजनासुद्धा आठवीतच हाताशी असतात, आणि त्याच वर्षी त्या निसटतात. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा आठवीत असते. सातवीला पंचावन्न टक्के गुण, अनुसूचित जाती-जमातींना पन्नास, आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, एवढी अट. निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत महिन्याला एक हजार रुपये, म्हणजे वर्षाला बारा हजार. बोईसर-पालघरच्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या घराला यात वह्या, बूट, रेल्वेचा पास सगळं बसतं. पण फॉर्म भरायला शिक्षक हवा, उत्पन्नाचा दाखला हवा, आणि बौद्धिक क्षमता चाचणीचे प्रश्न कसे असतात ते आधी दाखवणारं कुणीतरी हवं.

शाळेने असं मुलामागे जाण्याची शिकवण या जिल्ह्याला बाहेरून आणावी लागणार नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला जे केलं, त्याचा गाभा हाच होता की मूल शाळेपर्यंत येऊ शकत नसेल तर शाळेने मुलापर्यंत जायचं. पाड्याच्या अंगणात बालवाडी भरली, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरली. त्यातूनच आलेली ‘अंगणवाडी’ आज देशभर चालते. अडीच-तीन वर्षांच्या मुलासाठी जी तत्परता डहाणू तालुक्याने देशाला दाखवली, ती चौदा वर्षांच्या मुलासाठी त्याच जिल्ह्यात दाखवता येऊ नये, हे मला मान्य नाही.

म्हणून पालघर आणि डहाणूच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. येत्या ३१ जुलैला आठवी संपणाऱ्या प्रत्येक शाळेची ड्रॉपबॉक्समधली यादी काढून घ्या आणि त्या यादीतल्या प्रत्येक घरी माणूस पाठवा. मुख्याध्यापकांनी दिवाळीची सुट्टी संपताच आठवीच्या पालकांची बैठक लावावी, भट्टीवर जाणारी कुटुंबं निघायच्या आत. तारापूरच्या कारखानदारांनी सामाजिक दायित्वाच्या निधीतून मे-जूनमध्ये बोईसरला प्रवेश मदत केंद्र चालवावं. आणि हे वाचणाऱ्या प्रत्येकाने आपल्या चाळीतल्या, आळीतल्या, कामावरच्या एका माणसाला विचारावं : तुमचं मूल आठवीत आहे ना, नववीचा अर्ज कुठे भरलात? उत्तर ‘अजून नाही’ असं आलं, तर त्या दिवशी त्यांच्याबरोबर शाळेपर्यंत जा.