पाहुणा बाप

कांद्याचे उळे टाकल्यापासून रोप लागणीस येईपर्यंत निफाड तालुक्यातील शेतकरी त्या वाफ्याकडे ज्या सचिंत दृष्टीने पाहतो, पातीच्या शेंड्याला किंचित पिवळेपणा आला तरी ज्या तत्परतेने औषधाच्या दुकानाची पायरी चढतो, आणि कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा घसरल्याची वार्ता कानी येताच द्राक्षबागेत शेकोट्या पेटवून ज्या निष्ठेने अवघी रात्र जागून काढतो, ती दृष्टी, ती तत्परता आणि ती निष्ठा त्याच्याच घरी पाळणा बांधला गेला म्हणजे कोठे अंतर्धान पावते, असा प्रश्न मला विंचूरच्या उपबाजार आवारात लिलावाची वाट पाहत उभ्या असलेल्या ट्रॅक्टरांच्या रांगेतून जाताना पुष्कळदा पडतो. तेथे कोणी हातावर पेढा ठेवतो. ‘पोरगं झालं,’ म्हणतो. कसे आहे म्हणून विचारावे, तर उत्तर ठरलेले असते : ‘बरं असंल. मंडळी माहेरी हायेत.’ त्या ‘असंल’ने मी दर वेळी अडखळतो. ट्रॉलीतल्या कांद्यात दुभाळका किती आणि पत्ती सुटलेला किती, हे न पाहता सांगणारा माणूस स्वतःच्या वीस दिवसांच्या मुलाविषयी अंदाजाने बोलत असतो.

पहिल्या बाळंतपणासाठी मुलीने माहेरी जावे, ही आपल्याकडील वहिवाट मी त्याज्य मानीत नाही. सासरच्या कामाच्या रगाड्यातून तिला चार महिने राजरोस सोडवून घेण्याची ती जुन्या बायकांनी काढलेली एक शहाणी युक्ती आहे. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, आणि सव्वा महिना केरसुणीलाही हात लावू न देणारी हक्काची विश्रांती आईच्या घरी मिळते तशी अन्यत्र सहसा मिळत नाही. परंतु या वहिवाटीत एक कलम कोणी न लिहिताच शिरले आहे, आणि ते असे की, बाळंतीण माहेरी आहे तोवर बापाची हजेरी माफ.

माझीही अशीच माफ झाली होती. बारशाच्या दिवशी मी येवल्याकडील सासुरवाडीस गेलो तो सहा महिन्यांच्या मुलाला होईल एवढे झबले घेऊन. ओट्यावर सतरंजी अंथरली गेली, चहा आला, पाऊसपाण्याची चौकशी झाली, आणि मग सासूबाईंनी दुपट्यात गुंडाळलेली मुलगी माझ्यापुढे धरून विचारले, ‘दाजी, धरता येईल ना? मानेखाली हात द्या.’ मी हात दिला. मुलीने तोंड वाकडे केले, रडण्यापूर्वीचा तो दीर्घ श्वास घेतला, आणि तिचा आवाज फुटण्याच्या आत तीन बायकांनी मिळून तिला माझ्या हातांतून काढून नेले. मला सुटल्यासारखे वाटले, हे लिहिताना आजही संकोच होतो. घरी उन्हाळ कांदा काढणीला आला होता, मजूर ठरले होते. संध्याकाळच्या गाडीने मी परतलो, आणि बारशाला जाऊन आलेला बाप म्हणून गावात माझे कौतुकही झाले.

बाप मोहिमेवर आणि मूल घरी, हा प्रकार या गावाला नवा नव्हे म्हणा. ज्यांच्या घराण्यामुळे विंचूरचे नाव मराठ्यांच्या इतिहासात शिरले त्या सरदार विठ्ठल शिवदेवांच्या आयुष्याचा केवढा तरी भाग उत्तरेच्या स्वाऱ्यांत गेला, आणि १७६१ साली पानिपतावरून ते जिवंत परतले हीच त्या काळी मोठी गोष्ट होती. परंतु त्यांच्या छावणीतून विंचुरास यायला महिने लागत. आम्हांला येवला गाठायला तासभर पुरतो. आमच्या गैरहजेरीला पानिपताचे निमित्त लावणे शोभत नाही.

या गैरहजेरीत नेमके काय हुकते, हे मला फार उशिरा उमगले. सुदृढ अर्भकाचेही वजन पहिल्या चार-पाच दिवसांत थोडे घटते, दहा-पंधरा दिवसांत ते भरून निघते, पाचव्या महिन्याच्या सुमारास जन्मवेळेच्या दुप्पट आणि वर्ष भरता भरता तिप्पट होते. हा हिशोब ज्याला ठाऊक नाही तो पाचव्या दिवशी ‘पोर वाळलं’ म्हणून घाबरतो आणि वरच्या दुधाची बाटली आणतो. तीच गत रडण्याची. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तान्ह्या मुलाचे रडणे चढत जाते, विशेषतः दिवेलागणीला. सहाव्या आठवड्याच्या आसपास ते शिगेला पोहोचते, आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, कोणीही काही न करता, ओसरते. ज्याने हा चढ रोज पाहिला आहे तो उतार येईल या भरवशावर मुलाला खांद्यावर टाकून अंगणात फेऱ्या घालतो. ज्याने पाहिलेला नाही, त्याच्या पदरात ते रडणे एकदम पडते, आणि मग तो जगातील सर्वांत सोपे निदान करतो : ‘तूच काहीतरी वातूळ खाल्लं असशील.’

बाळंतिणीच्या मनाचे तर विचारूच नका. प्रसूतीनंतर काही दिवस विनाकारण डोळे भरून येतात, हे पुष्कळ जणींना होते व आपोआप निवळते. परंतु दोन आठवडे उलटून गेले तरी मूल निजले असताही झोप लागत नाही, अन्नावर वासना नाही, मुलाला जवळ घ्यावेसे वाटत नाही, असे चालू राहिले तर तो नखरा नव्हे, बाहेरचे तर मुळीच नव्हे. तो डॉक्टरांनी बरा करण्याजोगा आजार आहे. रविवारी दोन तास येऊन चहा पिऊन जाणाऱ्या माणसाला हा फरक दिसणार कसा? त्याच्यासमोर ती केस विंचरून बसलेली असते.

घरातल्या वडीलधाऱ्या बायका आहेत की, त्यांना सारे कळते, असा युक्तिवाद मी ऐकून आहे, आणि तो निम्मा खराही आहे. पायांवर घेऊन न्हाऊ घालणाऱ्या मावशींच्या हातातील कसब मला कोणत्याही पुस्तकात सापडलेले नाही. मात्र त्याच घरात सहाणेवर वेखंड, मुरुडशेंग आणि हळकुंड उगाळून गुटी तयार होत असते, जिभेवर मधाचे बोट लावले जात असते, आणि दारात आलेली आशाताई सांगत असते की, सहा महिने आईच्या दुधावाचून काही नको, पाण्याचा थेंबही नको, आणि मध तर वर्षभर नको, कारण त्यातील जंतूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या मुलाला क्वचित का होईना पण जिवावरचे दुखणे होऊ शकते. सून बोलू शकत नाही. आजी ऐकत नाही. येथे बापाने एक वाक्य उच्चारले असते तर प्रकरण मिटते. पण बाप बाजारात असतो, आणि घरी आला तरी त्याला विषयच ठाऊक नसतो.

तो विषय पुरुषाला पेलणारा नाही, असे म्हणणाऱ्यांनी गडचिरोलीकडे पाहावे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने त्या जिल्ह्यातील ३९ गावांत जेमतेम शाळा शिकलेल्या बायकांना नवजात बालकाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, श्वास मोजणे आणि जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे शिकविले; आणि तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ने हा प्रयोग प्रसिद्ध केला, आणि पुढे त्याच धर्तीवर देशभर आशाताईंच्या गृहभेटी सुरू झाल्या : दवाखान्यात जन्मलेल्या मुलाकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. मूल शांत असताना मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक श्वास भरले, छाती आत ओढली जाऊ लागली, अंगावर पिणे एकाएकी थांबले, अंग तापले किंवा गार पडले, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा, एवढेच त्यातील बापापुरते पाठांतर. रात्रपाळीच्या विजेसाठी दोन वाजता उठून विहिरीवर मोटार चालू करणाऱ्या माणसाला दुपट्याशी कान नेऊन एक मिनिट श्वास मोजता येत नाही, हे मला कोणी पटवून देऊ नये.

सरकारदप्तरी मात्र या माणसाची नोंदच नाही. १९६१च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन नोकरदार आईची भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली, हे योग्यच झाले. त्याच कायद्यात बापासाठी एका दिवसाचीही तरतूद नव्हती. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते, आणि ती घेणाऱ्याकडे कचेरीत मिश्किलपणे पाहिले जाते ते वेगळेच. ही रजा सर्व आस्थापनांना सक्तीची करावी, या मताचा मी आहे. पण शेतकऱ्याला रजा कोण देणार? त्याचा मस्टर म्हणजे हंगाम, आणि त्यावर सही करणारा तोच. तेव्हा काढणीच्या आठवड्यात भावाला वा शेजाऱ्याला उभे करून आठ-दहा दिवस सासुरवाडीस राहायला जाणे, आणि तेही ओट्यावर नव्हे, आतल्या खोलीत, एवढे तरी त्याच्या अखत्यारीतले आहे. लोक हसतील. घरजावई म्हणतील. मुलीच्या वेळी मी त्या हसण्याला भ्यालो. आठव्या-नवव्या महिन्यात मुले परका चेहरा ओळखून रडू लागतात, हा वाढीचाच एक टप्पा आहे, असे मला आता ठाऊक आहे; तेव्हा मात्र, दोन दिवस बाहेरगावी राहून आलेल्या मला पाहून मुलगी आजीच्या पदरात लपली आणि कोणीतरी ‘पाव्हणं आलं’ म्हणून हसले, ते पुढे कित्येक दिवस कानांत राहिले.

मुलाच्या वेळी मी नऊ दिवस राहिलो. तिसऱ्या रात्री सासूबाईंनी ‘दाजी’ म्हणणे न सोडता माझ्या हातात ओले लंगोट दिले.

परवा बाजार आवारात एका तरुणाच्या ट्रॉलीचा लिलाव होऊन वांधा निघाला. व्यापाऱ्याशी हुज्जत घालून, काटा करून, शेवटी त्याने हिशोबपट्टी घेतली आणि सदऱ्याच्या खिशात घालू लागला, तो ती आत जाईना. खिशात आधीच काहीतरी घडी घालून ठेवलेले होते. त्याने ते बाहेर काढले, तर माता बाल संरक्षण कार्ड. सासुरवाडीच्या गावी दीड आणि अडीच महिन्यांच्या लसी झालेल्या, मूल आता इकडे आणलेले, आणि सकाळी उपकेंद्रावर साडेतीन महिन्यांचा डोस देऊन तो तसाच ट्रॅक्टरवर बसलेला. ‘मांडी सुजली जरा,’ तो म्हणाला, ‘पर ताप यायच्या आत घरी जातो. आता यकदम नव्या महिन्याला, गोवर-रुबेलाची.’ मग कार्ड खाली आणि हिशोबपट्टी वर, अशी घडी जुळवून त्याने खिशाचे बटण लावले.