सुधा आणि सौध

दसरा झाला कीं आमच्या घरांत दोन विषय निघतात : एक फराळाचा आणि दुसरा भिंतींचा. पहिल्याबद्दल सर्वांचें एकमत असतें. दुसऱ्याबद्दल गेल्या वर्षापर्यंत तें कधींच झालें नव्हतें. चिरंजीवांचें म्हणणें, चांगला रंगारी बोलावून घर एकदां नवें करून घ्यावें. माझें म्हणणें, आजोबांनीं बांधलेलें घर आहे तसेंच शोभतें. बायकामंडळींचें म्हणणें काय, हें आम्हां दोघांपैकीं कोणीच विचारलें नव्हतें. गेल्या वर्षीं त्याचा उलगडा झाला, आणि त्यांतून जें शिकलों तें ह्या महिन्यांत वाचकांपुढें ठेवीत आहें. जेथें तीन पिढ्या एकत्र नांदतात, तेथील माजघराची स्थिति आमच्याहून फारशी निराळी नसावी.

आमचें घर वाईस. ओसरी, माजघर, स्वयंपाकघर आणि मागें परसूं, अशी जुनी मांडणी. माजघर बारा फूट लांब व दहा फूट रुंद. चौकाकडे उघडणारी खिडकी एकच. ह्या एवढ्याशा जागेंत एक पलंग, दोन ट्रंका, शिवणयंत्र, वेत तुटलेली आरामखुर्ची, नातवंडांचीं दप्तरें आणि माझें पुस्तकांचें कपाट. रंगाऱ्यानें पाहणी केली व चकचकीत रंग आणि नवें खोटें छत मिळून ३८,००० रुपयांचा अदमास सांगितला. चिरंजीव कर्ज काढण्यासही तयार झाले. मी म्हणालों, “माजघर काळोखाचेंच असावयाचें. त्यावर पैसे कशाला घालवावयाचे?”

त्यावर धाकट्या सूनबाई दाराआडून हळूच म्हणाल्या, “मामंजी, रंगाचें मागाहून पाहूं. आधीं एक दिवस खोली अगदीं रिकामी करून पाहूं या का?” ह्याला पैसे पडत नव्हते, म्हणून मी चटकन होकार दिला.

रविवारीं सकाळीं सारें सामान चौकांत मांडलें. सूनबाईंनीं त्याचे तीन ढीग केले : रोज लागणारें, वर्षांतून एकदां लागणारें, आणि टाकण्याचें कोणास धैर्य होत नाहीं म्हणून राहिलेलें. तिसरा ढीग सर्वांत मोठा निघाला, हें निराळें सांगावयास नको. शेवटीं राहिलें माझें कपाट. तें अठरा वर्षें खिडकीपुढें उभें होतें. चौघांनीं मिळून तें सरकविलें, मीं खिडकीची कडी काढली, आणि उन्हाचा एक पट्टा थेट समोरच्या भिंतीपर्यंत गेला.

त्याच वेळीं आमच्या घरांतील मंडळी सुपांत तांदूळ घेऊन मागील दाराकडे निघाल्या होत्या. त्या उंबऱ्याशीं थबकल्या, जरा वेळ पाहत राहिल्या, आणि त्या उजेडांत खालीं बसल्या. दोन बोटें तांदुळांतून फिरवून म्हणाल्या, “अहो, येथें खडे दिसताहेत कीं!”

इतकीं वर्षें त्या ऊन असो वा पाऊस, मागील पायरीवर बसून धान्य निवडीत. शेजारणीशीं दोन शब्द बोलावयास मिळतात म्हणून ही संवय लागली असावी, असें मी समजत होतों. चार वर्षांपूर्वीं एका पाहुण्यांच्या भातांत खडा निघाला, तेव्हां पंक्तींत सर्वांदेखत मीं त्यांना टाकून बोललों होतों. तो दिवस मला आठवला. “कपाट आड येतें, असें कधीं बोललां कां नाहीं?” मीं विचारलें. “तुमचीं पुस्तकें होतीं ना,” एवढेंच त्या म्हणाल्या. एकतीस वर्षें मुलांना मीं वर्गांत सांगत आलों, ‘उजेड डाव्या बाजूनें घ्या, डोळे जपा’. आणि घरीं येऊन उजेडाच्या वाटेंत कपाट उभें करून बसलों.

आतां उपयोगाच्या गोष्टींकडे वळूं. पहिली गोष्ट ही, कीं खोली रंगाअभावीं जितकी जुनी दिसते, त्याहून अधिक ती सामानानें जुनी होते. म्हणून आधीं रितें करावें, मग झाडावें, मग ठरवावें. माझ्या कपाटांतील पुस्तकांपैकीं निम्मीं मीं दहा वर्षांत उघडलीं नव्हतीं. कांहींना कसर लागली होती. चांगलीं होतीं तीं गांवांतील विद्यार्थ्यांना दिलीं. उरलेलीं आंतल्या भिंतीशीं दोन बुटक्या फळ्यांवर बसलीं. फळ्या मोडक्या आरामखुर्चीच्या व जुन्या पेटीच्या लांकडाच्या. त्यांना जवसाचें तेल चोळून घेतलें. येथें एक सूचना : तेलाचीं फडकीं चुरगळून कोपऱ्यांत टाकूं नयेत. तीं आपोआप तापून पेट घेतात. मोकळीं पसरून वाळवावींत.

दुसरी गोष्ट ओलीची. कपाटामागील भिंत काळवंडली होती व रंगाला फोड आले होते. तो रंगही माझाच पराक्रम. ओल दिसूं नये म्हणून एके काळीं मीं तेथें तेलाचा रंग फांसला होता. विटामातीची जुनी भिंत ओल शोषते आणि हळूहळू सोडतेही. तेलाचा रंग तिची ही वाट बंद करतो. ओल आंत कोंडते व पापुद्रे सुटतात. बाहेर जाऊन पाहिलें तों पन्हळ फुटून पागोळ्या नेमक्या त्याच जागीं गळत होत्या. पन्हळ दुरुस्त केल्यावांचून भिंतीवर एक रुपयाही खर्चणें म्हणजे फुटक्या घागरीस कल्हई करणें होय. ती दुरुस्त करून भिंत पंधरा दिवस वाळूं दिली.

जुना तेलरंग कोरडा खरवडूं नये. पूर्वींच्या पुष्कळ रंगांत शिसें असे, आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूस अपाय करते. २०१६ च्या नियमांनीं आपल्या देशांत घरगुती रंगांतील शिशावर दशलक्षांत ९० भागांची मर्यादा घातली, व तिचा अंमल १ नोव्हेंबर २०१७ पासून सुरू झाला. परंतु आपल्या दारांवरचे थर त्याहून जुने असूं शकतात. म्हणून भिंत ओली करूनच खरवडावी, नाकातोंडास फडकें बांधावें, मुलांना शेजारीं पाठवावें आणि शेवटीं जमीन झाडण्याऐवजीं ओल्या फडक्यानें पुसावी.

तिसरी गोष्ट चुन्याची. मातीच्या अगर लोखंडी भांड्यांत आधीं पाणी घ्यावें व त्यांत कळीचा चुना थोडाथोडा सोडावा. चुन्यावर पाणी ओतूं नये, कारण तो उसळून अंगावर येतो. पाणी खळखळा उकळतें. डोळ्यांस चष्मा व हातांस मोजे अवश्य असावेत. ह्या कामीं धीटपणा दाखविणाऱ्यांनीं दृष्टि गमावल्याचीं उदाहरणें आहेत. चुना चार-पांच दिवस मुरूं द्यावा, मग कापडांतून गाळून दुधाइतका पातळ करावा. त्यांत विरघळविलेला डिंक व चिमूटभर नीळ घालावी. भिंतीवर पाणी शिंपडून पातळ हात द्यावा. पहिला हात पाण्यासारखा दिसतो, त्यानें निराश होऊं नये. वाळतां वाळतां तो पांढरा होतो. हवेंतील कार्बन डायऑक्साइड वायु शोषून चुना पुन्हां दगडाच्या जातीचा बनतो, म्हणून तो टिकतो. असे तीन पातळ हात एका जाड हातापेक्षां चांगले. तेलाच्या रंगावर मात्र चुना धरत नाहीं, हें लक्षांत असावें.

बाकीचें बायकामंडळींनींच केलें. जुन्या लुगड्याचे काठ लावून खिडकीस अर्धा पडदा झाला, म्हणजे आब राहून उजेडही येतो. पितळी समया चिंचेनें घासल्या. आजीच्या वेळचीं लक्ष्मी-सरस्वतीचीं चित्रें राजा रविवर्मा यांच्या १८९४ सालीं मुंबईंत निघालेल्या छापखान्याच्या परंपरेंतलीं. तीं ऊन न लागणाऱ्या भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीला आणलीं, कारण उन्हानें छापील रंग विटतात. पलंगाजवळ एक पिवळसर प्रकाशाचा एलईडी दिवा बसविला. पन्हळ, चुना, कुंचले, खिळे आणि दिवा मिळून खर्च झाला २,१४० रुपये. चिरंजीवांना कर्ज काढावें लागलें नाहीं, आणि छतही जुनेंच राहिलें.

संस्कृतांत चुन्याला ‘सुधा’ म्हणतात, आणि अमृतालाही सुधाच. त्याच शब्दापासून ‘सौध’ झाला. अमरकोशांत त्याचा अर्थ राजसदन असा दिला आहे. म्हणजे घराला राजवाड्याचें नांव मिळालें तें सोन्यारुप्यानें नव्हे, चुन्यानें. हा शब्द मीं वर्षानुवर्षें वर्गांत शिकविला. त्याचा अर्थ माझ्या घरीं मला धाकट्या सूनबाईंनीं शिकविला, आणि तोही एक शब्द न बोलतां.

दिवाळी जवळ आली आहे. घर उजळावयाचें ठरलें असेल, तर रंगाऱ्याला निरोप धाडण्यापूर्वीं वडील मंडळींनीं एक करावें. दिवसाउजेडीं प्रत्येक खोलींत पांच मिनिटें बसावें आणि तेथें रोज काम करणारीला तिचें काम कोठें व कां करतां येत नाहीं, तें विचारावें. उत्तर ‘कांहीं नाहीं’ असें आलें, तर पुन्हां विचारावें. आमच्या घरीं आतां तांदूळ माजघरांतच निवडले जातात. कधीं कधीं दुसरें सूप घेऊन मीही शेजारीं बसतों. खडे मला अजून कमी सांपडतात. पण त्याबद्दल पंक्तींत मला कोणी बोलत नाहीं.