मोबाईल हिसकावण्याआधी



गेल्या महिन्यात माहेरी जिंतूरला गेले होते. रात्री नववीतली भाची माझ्याजवळ येऊन रडायलाच लागली. ऑनलाइन गेममध्ये ओळख झालेल्या कुणीतरी तिचा फोटो मागितला, तिने भोळेपणाने पाठवला. आता तो धमकावत होता, "आणखी पाठव, नाहीतर हाच फोटो बदलून सगळ्यांना दाखवीन." पंधरा दिवस पोरीने कुणाला सांगितलं नाही. का? "आत्या, आई मोबाईल काढून घेईल ना!"

तिला त्या माणसापेक्षा आपली भीती जास्त होती. हेच मला टोचलं.

दादा-वहिनीने समजून घेतलं. मेसेज पुसले नाहीत, स्क्रीनशॉट काढून ठेवले, त्याला ब्लॉक केलं आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार केली. तुम्हीही लक्षात ठेवा: मुलांच्या मदतीसाठी १०९८, आणि पैशाची फसवणूक झाली तर लगेच १९३०.

मोबाईल हिसकावणं हा उपाय नाही असं माझं मत. अभ्यास, शाळेचे ग्रुप, सगळं त्यावरच आहे. हिसकावला तर मुलं मैत्रिणीच्या मोबाईलवर बघतील, फक्त आपल्याला सांगणार नाहीत. ओटीपी, पत्ता, शाळेच्या गणवेशातला फोटो अनोळखी माणसाला का द्यायचा नाही, हे जवळ बसवून सांगावं लागतं.

आणि नियम आधी आपल्याला. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये ठरवलं, संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजला की दीड तास टीव्ही-मोबाईल बंद. फक्त मुलांचे नाहीत, घरातल्या सगळ्यांचे! म्हणून मला ते पटतं. आपण सामायिकाला ४८ मिनिटं बसतो, मग उठल्याबरोबर हातात रील्स. अनर्थदंड व्रतात दुश्रुती, म्हणजे मन बिघडवणारं ऐकणं, वर्ज्य सांगितलंय. ते काय फक्त पोरांसाठी?

आमच्या घरी आता जेवणाआधी एक तास सगळ्यांचे मोबाईल देवघराशेजारच्या कोनाड्यात. पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त चुळबुळ माझीच झाली!

आज रात्री मुलांना एवढंच सांगा, "काहीही चुकलं तरी आधी मला सांग, मी रागावणार नाही." आणि मग खरंच रागावू नका.