लॅपटॉपमध्ये सिस्टिम दोन, सरकारी कामाला मात्र एकच

‘लॅपटॉप जुना आहे, विंडोज दहा बंद झालं म्हणतात, आता काय करू?’ हा प्रश्न हल्ली मला आठवड्यातून एकदा तरी कुणी ना कुणी विचारतंच. मी बातमीदार आहे, कॉम्प्युटर दुरुस्तीवाला नाही. पण माझ्या लॅपटॉपवर विंडोजच्या जोडीला लिनक्स आहे हे गावात कळल्यापासून ही जादा ड्युटी मागे लागली आहे. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

आधी मूळ गोष्ट. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. लॅपटॉप बंद पडत नाही, पण सुरक्षेचे अपडेट थांबतात. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना वर्षभराची वाढीव मुदत मिळाली, तीही ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. विंडोज ११ वर जायला पैसे पडत नाहीत. पण त्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. २०१७ च्या आधीचे बहुतेक लॅपटॉप त्यात बसत नाहीत. म्हणजे पोराच्या कॉलेजसाठी हप्त्यावर घेतलेलं, अजून ठणठणीत चालणारं मशीन कागदोपत्री भंगार!

यावर उपाय आहे, तो म्हणजे लिनक्स. फुकट आहे, कायदेशीर आहे, आणि लिनक्स मिंटसारखी सिस्टिम ४ जीबी रॅमवरही चालते. मग लोक विंडोज पूर्ण काढून का टाकत नाहीत? दोन्ही का ठेवतात? खरी गोष्ट इथेच आहे.

दोन सिस्टिम एका लॅपटॉपवर नांदवणं हा व्याप आहे, हे आधीच सांगतो. विंडोज हार्डवेअरच्या घड्याळात स्थानिक वेळ आहे असं धरतं, लिनक्स जागतिक वेळ धरतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर, पण आपल्याकडे या दोन वेळांत साडेपाच तासांचा फरक. त्यामुळे सकाळी अकराला उतरवून घेतलेल्या फोटोंवर पहाटे साडेपाचची वेळ दिसू शकते. विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर बंद केल्यावरही ते पुरतं बंद होत नाही. मग लिनक्समधून ती ड्राइव्ह नुसती वाचता येते, तिच्यावर लिहिता येत नाही. बूटची सेटिंग बदलली की बिटलॉकर ४८ आकडी की मागतं, आणि ती कुठे ठेवलीय हे घरात कुणालाच ठाऊक नसतं. ऑगस्ट २०२४ मध्ये तर विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटनंतर जगभरातल्या अनेक ड्युअल बूट मशीनवर लिनक्स सुरूच होईना. कंपनीने ते मान्य केलं. पक्की दुरुस्ती मे २०२५ मध्ये आली.

पण हा त्रास बहुतेक वेळा एकदाच निस्तरावा लागतो. घड्याळ एका कमांडने जुळतं, फास्ट स्टार्टअप एका टिकने बंद होतं, बिटलॉकरची की वहीत लिहून ठेवता येते. चार रविवार गेले की विषय संपतो.

जो त्रास संपत नाही, तो बाहेरचा आहे. महिनाभर लिनक्सवर आनंदाने काम करावं आणि एका सरकारी फॉर्मसाठी परत विंडोज चालू करावं लागतं. कुठे डिजिटल सहीचं टोकन लागतं आणि सही करायची युटिलिटी फक्त विंडोजची. कुठे मॅक्रो घातलेली एक्सेल फाइल भरून द्यायची, ती लिबर ऑफिसमध्ये उघडली की निम्मी बटणं मुकी. ‘आमच्याकडे विंडोजवरच चालतं’ असं सांगणाऱ्या कर्मचाऱ्याला तरी काय बोलणार? त्याच्या टेबलावरही तेच आहे.

आमच्या धंद्याचंही तेच. तालुक्याच्या साप्ताहिकांची पानं अजून पेजमेकरवर लागतात. त्याची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, आली २००१ साली. मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये. त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात. तो फॉन्ट नसेल तर बातमी उघडल्यावर दिसतो नुसता इंग्रजी अक्षरांचा काला. वीस वर्षांच्या बातम्या, जाहीर नोटिसा अशा पडून आहेत, गूगलला न सापडणाऱ्या. युनिकोडमध्ये लिहिलेलं मात्र फोनवर, विंडोजवर, लिनक्सवर सगळीकडे तसंच दिसतं.

काही जण म्हणतील, लोकांना विंडोजच येतं, मग सरकारनेही तेच धरलं तर बिघडलं काय? अहो, येतं कारण तेच शिकवलं. एमएस-सीआयटीपासून शाळेच्या लॅबपर्यंत आपण कॉम्प्युटर म्हणजे विंडोज असंच गिरवत आलो. केरळच्या सरकारी आणि अनुदानित शाळांत गेली जवळपास दोन दशकं मुलं लिनक्सवर शिकत आहेत. तिथल्या मुलांचं काही अडलेलं नाही. आणि तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या गाभ्याशीही लिनक्सच आहे. तो वापरायला कुणी क्लास लावला होता का?

हे सोपं आहे असं मी म्हणत नाही. जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने दहा-बारा वर्षं लिनक्स वापरलं आणि २०१७ मध्ये विंडोजकडे परतायचं ठरवलं. सरकारी कार्यालयांनी उद्या सगळं बदलावं ही मागणी नाहीच. मागणी एवढीच, की नागरिकाला एकाच कंपनीचा माल वापरायची सक्ती नको. तालुक्याच्या रस्त्यावर एकाच कंपनीच्या मोटारसायकली चालतील असा नियम केला तर आपण मोर्चा काढू. इथे मात्र गप्प बसतो.

गंमत म्हणजे धोरण कागदावर आहे. ई-गव्हर्नन्ससाठी खुल्या मानकांचं धोरण केंद्राने २०१० मध्ये आणलं, ओपन सोर्स सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं २०१५ मध्ये. सी-डॅकने ‘बॉस’ नावाची लिनक्स सिस्टिमही बनवली, तिच्यात मराठी आहे. आपल्यापैकी किती जणांनी ती पाहिली आहे?

तेव्हा ज्यांनी विचारलं त्यांना सांगतो. नुसतं इंटरनेट, टायपिंग, पोरांचा अभ्यास असेल तर जुन्या लॅपटॉपवर बिनधास्त लिनक्स टाका. आधी पेनड्राइव्हवरून चालवून वायफाय आणि आवाज तपासा, फाइलींचा बॅकअप घ्या, मगच पुढे जा. टेंडर, जीएसटी, डिजिटल सही यावर पोट असेल तर तूर्त विंडोजही ठेवा.

आणि एक काम सगळ्यांनी करा. ज्या सरकारी साइटवर किंवा फॉर्मवर ‘फक्त विंडोज’मुळे अडलात, तिचं नाव, तारीख आणि स्क्रीनशॉट मला पाठवा. यादी झाली की धोरणाच्या प्रतीसह जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी निवेदन देऊ आणि पोच घेऊ. तोंडी तक्रारीला आपल्याकडे काय किंमत असते, ते तुम्हाला सांगायला नको.