आधी कार्ड विचारा, मग शिट्टी वाजवा

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की मोर्शीतून सिंभोऱ्याच्या धरणाकडे जाणारा रस्ता पहाटेच जागा होतो. पोरं 1600 मीटर पळतात, पोरी 800. पोरांनी 5 मिनिटं 10 सेकंदांत अंतर कापलं तर 20 पैकी 20 गुण. एका गुणावर नोकरी हुकते, त्यामुळे त्यांची घाई मला समजते. पण या पळणाऱ्यांतल्या काहींच्या घरी, रेशनकार्डाच्या खाली, आरोग्य खात्यानं दिलेलं सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचं पिवळं कार्ड असतं. शिट्टी वाजवणाऱ्याला ते ठाऊक नसतं, कारण त्यानं विचारलेलंच नसतं.

माझं कार्ड लाल आहे. पिवळं वाहकाचं, लाल रुग्णाचं. मी फिटनेस ट्रेनरचा कोर्स केला आणि आता भरतीच्या मुलामुलींचं मैदान घेते. निरोगी माणसाची तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते, माझी 10 ते 20 दिवस. पाणी कमी पडलं, थंडी लागली, दम तुटला की ती विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि हाडं ठणकायला लागतात. म्हणून हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक ॲसिड चुकवत नाही. ताप आला तर घरी थांबत नाही, थेट दवाखाना. डिसेंबरात मैदानावर स्वेटर, कानटोपी आणि कोमट पाण्याची बाटली घेऊन उभी असते. मी पळत नाही. चालते, हलकी वजनं उचलते, मध्ये बसते. डॉक्टरांना विचारून ठरवलेला हा माझा व्यायाम आहे आणि तो मला कमी वाटत नाही.

वाहकाचं तसं नाही. तो सहसा ठणठणीत असतो, भरतीही होऊ शकतो. धोका असतो तो तयारी नसताना जीव तोडून, न थांबता पळण्यात. 2006 मध्ये अमेरिकेत राइस विद्यापीठाचा फुटबॉल खेळाडू डेल लॉइड सरावानंतर कोसळून दगावला. तो सिकलसेलचा वाहक होता. त्यानंतर 2010 पासून तिथल्या अव्वल गटातल्या विद्यापीठ खेळाडूंची सिकलसेलसाठी तपासणी सुरू झाली. 2016 मध्ये अमेरिकी सैनिकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या सैन्यात पाणी, विश्रांती आणि टप्प्याटप्प्यानं वाढणारा सराव हे सर्वांसाठीच नियम होते, आणि वाहक सैनिकांचे मृत्यू इतरांपेक्षा जास्त आढळले नाहीत. अतिश्रमानं स्नायू फुटण्याचा धोका मात्र त्यांच्यात जास्तच होता. मला यातून दिसतं ते हे: वाहक पोराला घरी बसवायची गरज नाही, मैदानाची शिस्त बदलायची गरज आहे.

आणि ट्रेनरला एक फरक ओळखता आला पाहिजे. उन्हानं गोळे आलेला पोरगा ओरडतो, त्याची पोटरी दगडासारखी घट्ट होते. सिकलसेलचा वाहक कोसळतो तेव्हा पायातलं बळच जातं, तो खाली बसतो, स्नायू हाताला मऊ लागतात. "नाटकं करून राह्यला" म्हणून त्याला उठवून आणखी एक राउंड मारायला लावणं जिवावर बेतू शकतं.

इथे मला पुस्तकांबद्दल बोलायचं आहे. आमच्याकडच्या अभ्यासिकांत गाइडांच्या शेजारी व्यक्तिमत्त्व विकासाची पुस्तकं असतात. पोरं ती मनापासून वाचतात. त्यातल्या बऱ्याच पुस्तकांचं सांगणं एकच: दुखणं मनाचं असतं, थकवा खोटा असतो, थांबला तो हरला. मला या वाक्यांचा राग येतो. ज्याच्या शरीरात खरोखर काही बिनसलंय, त्याला ही वाक्यं स्वतःच्याच शरीराचा वैरी बनवतात.

मला घडवलं ते दुसऱ्या जातीच्या पुस्तकांनी. गडचिरोलीच्या डॉ. अभय बंगांचं 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' मी दुखणं ओसरल्यावरच्या दिवसांत वाचलं. ऐन दुखण्यात पुस्तक हातात धरवत नाही, पण नंतरचे अशक्तपणाचे दिवस वाचनाचेच असतात. एक डॉक्टर रुग्णाच्या खाटेवर येतो आणि आपलं खाणं, आपला ताण, आपला व्यायाम स्वतः तपासायला बसतो, हे मला फार मोलाचं वाटलं. तेव्हापासून मी वही ठेवते. झोप किती, पाणी किती, कुठे दुखलं, आदल्या दिवशी काय केलं होतं. माझी मुलंही अशी वही लिहितात. त्यामुळे कुणी "आज पाय जड आहेत" म्हणालं की मी आधी वही मागते.

आमच्या अमरावतीत 1914 मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं राहिलं, 1946 मध्ये डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरोग्यांसाठी तपोवन उभं केलं. शरीर कमावणं आणि रुग्णाला जवळ करणं, दोन्ही या मातीत झालेलं आहे. आमच्या भरती अकादम्यांत ते एकाच मैदानावर का होऊ नये?

2023 मध्ये केंद्र सरकारनं सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली, मुदत 2047. तालुक्यातल्या अकादम्यांना त्यासाठी थांबायचं कारण नाही. जाहिरात निघाली की आरोग्य खात्याला मैदानावर बोलवा, सगळ्यांच्या रक्ताची सिकलसेलसाठी सोल्युबिलिटी चाचणी करून घ्या, शंका आली तर पुढची पक्की तपासणी. शिक्षा म्हणून पळवणं बंद करा. पाण्यासाठी परवानगी मागायला लावू नका.

सगळ्यात अवघड गोष्ट कार्ड बाहेर काढण्याची आहे. एका मुलीची आई मला म्हणाली, "मॅडम, कोणाले सांगू नका, पोरीची सोयरीक तुटन." तिची भीती खोटी नाही. आई-बाप दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के असते, हे अर्धवट ऐकून लोक पोरीलाच नाकारतात. म्हणून कार्डाची नोंद फक्त ट्रेनरच्या वहीत राहील आणि कार्ड दाखवलं म्हणून कुणालाही मैदानाबाहेर काढलं जाणार नाही, हे अकादमीनं प्रवेशाच्या दिवशीच आई-बापांना समोर बसवून सांगितलं पाहिजे.