तापमानाचा दिवा आणि निदानाची शिस्त

इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश भाग क्रँकशाफ्टवर कामाच्या रूपाने मिळतो, साधारण तेवढाच सायलेन्सरवाटे बाहेर जातो आणि उरलेल्यातील बराचसा भाग कूलंट, म्हणजे पाणी व इथिलीन ग्लायकॉल यांचे गंजरोधक द्रव्ये घातलेले मिश्रण, रेडिएटरपर्यंत वाहून नेते. ही उष्णता हवेत सोडण्याची रेडिएटरची क्षमता कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानांतील फरकावर ठरते. त्यामुळे कूलंट ९५ अंश सेल्सिअस असताना ३० अंशांच्या हवेत मिळणारा ६५ अंशांचा फरक अकोल्याच्या किंवा चंद्रपूरच्या ४५ अंशांच्या दुपारी ५० अंशांवर येतो आणि तोच रेडिएटर जवळजवळ एक चतुर्थांशाने दुबळा पडतो. हिवाळाभर अर्धवट तुंबलेल्या रेडिएटरनिशी बिनबोभाट धावलेली गाडी मे महिन्यात लाल दिवा दाखवत गॅरेजच्या दारात येते, ती याच कारणाने. दोष मात्र मे महिन्यातला नसतो.

अशा गाडीवर आजही सर्रास दोन इलाज केले जातात. एक म्हणजे थर्मोस्टॅट काढून टाकणे आणि दुसरा म्हणजे पंखा ‘डायरेक्ट’ करणे, म्हणजे सेन्सर आणि नियंत्रक यांना वगळून इग्निशन सुरू होताच पंखा फिरेल अशी वायर ओढणे. दोन्ही इलाजांनी गाडी त्या दिवसापुरती मार्गी लागते, ग्राहक समाधानाने पैसे देतो आणि मूळ बिघाड जागच्या जागी राहतो. म्हणून या दोन सवयींचा विचार थोड्या विस्ताराने होणे आवश्यक आहे.

थर्मोस्टॅट हा मेणाच्या प्रसरणावर चालणारा झडपेचा भाग असून बहुतेक इंजिनांत तो ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडू लागतो आणि तोपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देता इंजिनातच फिरवत ठेवतो. रेडिएटरमध्ये नुसते विहिरीचे किंवा बोअरचे पाणी भरण्याची पद्धत होती त्या काळी ही झडप गंजाने आणि क्षाराने अडकत असे, आणि ती काढून टाकणाऱ्या जुन्या कारागिरांचे वागणे त्या परिस्थितीत अगदीच निराधार नव्हते. परंतु अनेक इंजिनांत थर्मोस्टॅटला दोन चकत्या असतात: एक रेडिएटरची वाट उघडते, तर दुसरी त्याच वेळी बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून पंपाकडे परतण्याची, वाट बंद करते. असा थर्मोस्टॅट काढला की बायपास कायमचा उघडा राहतो, गरम कूलंटचा काही भाग थंड न होताच इंजिनात परततो आणि घाटात किंवा भरल्या गाडीला तापमान पूर्वीपेक्षा अधिक चढते. ज्या इंजिनात बायपासची अशी रचना नाही, तेथे उलट घडते; थंडीच्या दिवसांत महामार्गावर इंजिन योग्य तापमानाला पोहोचतच नाही, नियंत्रक मिश्रणात इंधन वाढवत राहतो, जळाले नाही ते पेट्रोल ऑइलमध्ये उतरून त्याचा पातळपणा वाढवते आणि स्कॅनरवर पी०१२८ हा, कूलंट अपेक्षित तापमान गाठत नसल्याचा, कोड उमटतो. झडप शंकास्पद वाटल्यास ती पाण्याच्या भांड्यात थर्मामीटरसह तापवून किती अंशांवर उघडते हे पाहणे, किंवा सरळ नवी बसवणे, यात अवघड काहीच नाही.

डायरेक्ट केलेल्या पंख्याची गोष्ट याहून गंभीर आहे, कारण तो प्रवाह पुष्कळ ओढतो आणि ओढलेल्या वायरीत रिले नसतो, पुष्कळदा फ्यूजही नसतो. महामार्गाच्या वेगात समोरून येणारी हवा पुरेशी असल्याने तो तेथे निरुपयोगी फिरतो, ब्रश लवकर झिजवतो आणि एक दिवस सिग्नलवर थांबतो, तेव्हा सेन्सर खराब होता, रिले जळला होता की वायरिंगचा सांधा सुटला होता, हे सांगणारा पुरावाच उरलेला नसतो.

इशारा देणाऱ्या यंत्रणेचे ज्ञान किती मर्यादित असते, हेही ध्यानात घ्यावयास हवे. कूलंटचे तापमान मोजणारा सेन्सर हा तापमान वाढेल तसा विद्युत रोध कमी होणारा थर्मिस्टर असतो आणि तो ज्या द्रवात बुडालेला आहे त्याचेच तापमान सांगू शकतो. कूलंट इतके कमी झाले की सेन्सर वाफेत किंवा हवेत उघडा पडला, तर काटा चढण्याऐवजी खाली येतो आणि इंजिन मात्र आत भाजत असते. शिवाय आजच्या अनेक गाड्यांत काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो, म्हणजे बऱ्याच अंशांच्या टप्प्यात तो मध्यावरून हलतच नाही, आणि काही गाड्यांत काटाच नसून केवळ निळा व लाल असे दोन दिवे असतात. म्हणून तापमान डॅशबोर्डवर न पाहता स्कॅनरच्या प्रत्यक्ष आकड्यात पाहावे आणि तो आकडा इन्फ्रारेड थर्मामीटरने ताडून घ्यावा. चकचकीत ॲल्युमिनियमवर हा थर्मामीटर वास्तवापेक्षा कमी तापमान दाखवतो, त्यामुळे मोजमाप रबरी होजवर किंवा धातूला चिकटवलेल्या काळ्या टेपवर घेणे इष्ट.

निदानाचा सर्वांत स्वस्त भाग पाना हातात घेण्यापूर्वीच पार पडतो. गाडी नेमकी केव्हा तापते, हा प्रश्न ग्राहकाला नीट विचारला तर निम्मे काम होते. ठाण्या-मुंबईच्या कोंडीत तापणारी आणि वेग घेताच निवळणारी गाडी हवेच्या वहनाकडे बोट दाखवते: पंखा, रिले, पंख्याभोवतीचे आवरण, किंवा एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मध्ये साचलेला चिखल व कीटकांचा थर, जो पुढून डोकावून दिसत नाही. कोंडीत शांत राहून खंबाटकी किंवा कसारा चढताना तापणाऱ्या गाडीत हवा पुरेशी असते, कमतरता कूलंटच्या वहनाची असते. तेथे क्षाराने आत चोंदलेला रेडिएटर, पाती झिजलेला वॉटर पंप, पूर्ण न उघडणारा थर्मोस्टॅट किंवा पंपाच्या ओढीने चपटा होणारा खालचा होज यांचा संशय घ्यावा. सुरू केल्यावर काही मिनिटांतच तापणारी गाडी बंद अडकलेल्या थर्मोस्टॅटकडे किंवा गेलेल्या हेड गॅस्केटकडे नेते, आणि नुकतेच कूलंट बदलल्यावर तापू लागलेल्या गाडीत बहुधा एअर लॉक, म्हणजे वाहिन्यांत अडकलेली हवा, असते.

सीएनजी गाड्यांचा येथे स्वतंत्र उल्लेख हवा. टाकीतील सुमारे २०० बार दाबाचा वायू रिड्यूसरमध्ये प्रसरण पावताना इतका थंड होतो की रिड्यूसर गोठू नये म्हणून त्याला इंजिनाचेच कूलंट देऊन ऊब दिली जाते आणि त्यासाठी हीटरच्या होजमध्ये टी-सांधे घातलेले असतात. बाहेरून बसवलेल्या किटमधले हे सांधे वर्षा-दोन वर्षांत पाझरू लागतात, थेंब गरम भागावर पडून सुकतो, जमिनीवर डाग दिसत नाही आणि पातळी मात्र घटत जाते.

अशी छुपी गळती प्रेशर टेस्टरने सापडते. थंड इंजिनावर रेडिएटरच्या झाकणावर छापलेल्या दाबाइतकी हवा भरून दहा-पंधरा मिनिटे काटा पाहावा आणि मग झाकणही त्याच टेस्टरवर तपासावे, कारण साधारण एक बार अधिक दाबामुळे निम्म्या ग्लायकॉलच्या मिश्रणाचा उत्कलनबिंदू सुमारे १०७ अंशांवरून १२५ अंशांच्या पुढे जातो आणि कमजोर स्प्रिंगचे झाकण ही सगळी सवलत गमावून बसते. तापलेल्या इंजिनाचे झाकण न उघडण्यामागेही हेच गणित आहे. दाब सुटताच आतले द्रव क्षणात उकळून बाहेर उसळते.

हेड गॅस्केटच्या बाबतीत कार्य आणि कारण यांची गल्लत फार होते. ॲल्युमिनियमचे हेड बिडाच्या ब्लॉकच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावत असल्याने अति तापल्यावर ते वाकते आणि गॅस्केट जाते; म्हणजे गॅस्केट हा बहुधा परिणाम असतो, आणि तुंबलेला रेडिएटर तसाच ठेवून बसवलेले नवे गॅस्केट पुन्हा जाण्याची वाटच पाहत असते. हेड उघडण्याआधी निळ्या द्रावाची चाचणी करावी. रेडिएटरच्या तोंडाशी येणारी हवा या द्रावातून ओढली असता तिच्यात ज्वलनाचा कार्बन डायऑक्साइड असल्यास पेट्रोल व सीएनजी इंजिनात रंग पिवळा होतो. दुरुस्तीनंतर हीटर पूर्ण उघडा ठेवून पंखा किमान दोनदा आपोआप लागून बंद होईपर्यंत इंजिन चालवावे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी थंड असताना पातळी पुन्हा पाहून तो आकडा जॉबकार्डवर लिहिल्यानंतरच चावी ग्राहकाकडे द्यावी.