चाचण्यांचा कौल आणि मतदाराचे मत

१ जून २०२४ रोजी लोकसभेच्या अखेरच्या टप्प्याचे मतदान संपले आणि त्याच सायंकाळी वृत्तवाहिन्यांच्या पडद्यावर निकालही लागला. बहुतेक मतदानोत्तर चाचण्यांनी रालोआला साडेतीनशेहून अधिक जागा बहाल केल्या होत्या. काहींनी तर चारशेचा पल्लाही गाठून दिला. सोमवारी शेअर बाजार उसळला. मंगळवारी मतमोजणी झाली, रालोआ २९३ वर व भाजप २४० वर थांबला आणि सेन्सेक्स एका दिवसात चार हजारांहून अधिक अंकांनी कोसळला. चार महिन्यांनी हरियाणात भाकीत काँग्रेसच्या विजयाचे होते. ९० पैकी ४८ जागा भाजपला मिळाल्या.

चाचणी घेणाऱ्यांना लबाड ठरवणे सोपे आहे, पण अडचण त्याहून खोल आहे. भाजपला २०१९ मध्ये ३७.४ टक्के मते आणि ३०३ जागा मिळाल्या; २०२४ मध्ये ३६.६ टक्के मते आणि २४० जागा. एक टक्काही मते घटली नाहीत, जागा मात्र ६३ गेल्या. मतांच्या टक्केवारीवरून जागा काढणे किती बेभरवशाचे आहे, हे चाचणी घेणारे जाणतात. वाहिन्यांना मात्र टक्केवारीत रस नसतो. त्यांना आकडा हवा असतो.

शिवाय प्रश्नच मुळात ‘कोणता पक्ष?’ असा असतो. ओडिशात २०१९ मध्ये लोकसभा व विधानसभा यांचे मतदान एकत्र झाले. भाजपला लोकसभेसाठी सुमारे ३८ टक्के, तर विधानसभेसाठी सुमारे ३२ टक्के मते पडली. म्हणजे एकाच खोलीत, शेजारी ठेवलेल्या दोन यंत्रांवर हजारो मतदारांनी दोन वेगळी बटणे दाबली. दिल्लीसाठी कोण आणि भुवनेश्वरसाठी कोण, हा विवेक त्यांनी स्वतः केला होता. अशा मतदाराला ‘लाटे’च्या भाषेत जागा नाही.

याची किंमत उमेदवार पाहून मत देऊ इच्छिणारा मोजतो. ‘तो निवडून येत नाही, मत वाया जाईल,’ असे त्याला चाचण्यांचा हवाला देऊन सांगितले जाते. १९५७ मध्ये लोकसभेत ४२ अपक्ष होते. २०२४ मध्ये सात. या घसरणीला पैसा, पक्षांची यंत्रणा अशी अनेक कारणे आहेत, आणि सारा दोष चाचण्यांवर टाकणे अन्यायाचे ठरेल. पण मत वाया जाण्याची भीती त्या वाढवतात, हे नाकारता येत नाही.

मतदान सुरू असताना मतदानोत्तर चाचण्यांचे अंदाज प्रसिद्ध करण्यास कायद्याने बंदी आहे. त्यापुढे जाऊन सर्वच चाचण्यांवर बंदी घालावी, असे मी म्हणणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे प्रत्येक उमेदवाराला आपल्यावरील गुन्हे, मालमत्ता व शिक्षण शपथपत्रात जाहीर करावे लागते. ही शपथपत्रे निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. त्यांतील एखाद्या मतदारसंघाची सारी शपथपत्रे समोर ठेवून वाहिनीवर तासभर चर्चा झाल्याचे मला तरी आठवत नाही.